मुंबई, 357.1 मीटर: देशातल्या पहिल्या नभोवाणी कंपनीची अडीच वर्षं

शनिवार, 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. केंद्राची तरंगलांबी होती 357.1 मीटर. 26 ऑगस्टला त्याच कंपनीचं कलकत्ता केंद्र सुरू झालं. आणि 1 मार्च 1930 रोजी कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे गुंडाळली गेली. हातात सरकारी परवाना होता. अध्यक्षपदी सर इब्राहिम रहिमतुल्ला होते, मुंबईच्या राजकारणात आणि व्यापारात वजन असलेले. जनरल मॅनेजर एरिक डन्स्टन बीबीसीतून आलेला. केंद्राचं ठिकाण म्हणजे देशातलं सगळ्यात उलाढालीचं शहर. एवढं असूनही कंपनीला तिसरा वाढदिवस बघता आला नाही.

रेडिओच्या इतिहासात या कंपनीच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: आर्थिक अडचणींमुळे ती बंद पडली. वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. कंपनीचा जमाखर्च, प्रक्षेपकाची ताकद आणि परवान्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की दिसतं, ही अडचण नंतर कुठून तरी येऊन कोसळलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून करारातच होती. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटलं. आज आपण ज्याला आकाशवाणीचं मुंबई केंद्र म्हणतो, त्याची मुळं याच पडझडीत आहेत.

हौशी मंडळींचा काळ

मुंबईत बिनतारी आवाजाची चुणूक कंपनीच्या आधीच मिळाली होती. ऑगस्ट 1921 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तशी इच्छा व्यक्त केली होती आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. जून 1923 मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने कार्यक्रम द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबरात कलकत्त्याचा क्लब उभा राहिला आणि 31 जुलै 1924 रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबचा आवाज हवेत गेला.

ही सगळी वर्गणीवर चालणारी मंडळी होती. यंत्रं लहान, उत्साह दांडगा, तिजोरी रिकामी. त्यांतल्या मद्रासच्या क्लबकडे पुढे परत यायचं आहे, कारण तिथे निघालेली वाट मुंबईत कुणी धरली नाही.

करारातलं गणित

सरकार आणि कंपनी यांच्यात 13 सप्टेंबर 1926 रोजी करार झाला. उत्पन्नाच्या वाटा दोन. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला 10 रुपये देऊन परवाना काढायचा आणि त्यातले 80 टक्के, म्हणजे 8 रुपये, कंपनीला मिळायचे. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ-सामानाच्या किमतीवर 10 टक्के पट्टी कंपनीकडे जमा व्हायची.

हा साचा ब्रिटनमधून उचललेला होता. तिथे 1922 मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली ती रेडिओ बनवणाऱ्या कारखानदारांनी मिळून. त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम म्हणजे आपले संच खपवण्याचा खर्च होता. प्रक्षेपणात तोटा आला तरी विक्रीत भरून निघत होता. 1927 पर्यंत तिथे वीस लाखांहून जास्त परवाने झाले होते. मुंबईच्या कंपनीचा कुठे कारखाना नव्हता. संच इथे बनतच नव्हते, सगळे बोटीने येत होते. संच विकून होणारा नफा इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांकडे आणि इथल्या दुकानदारांकडे जाणार, कार्यक्रमांचा खर्च तेवढा कंपनीच्या डोक्यावर. त्यात खुद्द ब्रिटनने हा खाजगी कंपनीचा प्रयोग 1 जानेवारी 1927 रोजी गुंडाळून बीबीसीचं सार्वजनिक महामंडळ केलं होतं. म्हणजे जो साचा तिकडे जानेवारीत मोडीत निघाला, तोच इकडे जुलैमध्ये समारंभाने सुरू झाला.

आता भांडवल. कंपनीचं अधिकृत भांडवल 15 लाख रुपयांचं, पण प्रत्यक्षात जमले 6 लाख. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यातच संपले. राहिले दीड लाख. श्रोते वाढून घडी बसेपर्यंत मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांतल्या कचेऱ्या, इंजिनिअर, निवेदक, गवई, वादक, वीज, भाडं हे सगळं त्या दीड लाखात निभावायचं होतं.

परवाने मात्र वाढले ते मुंगीच्या पावलांनी. 1927 अखेर सगळ्या देशात 3,594. 1928 अखेर 6,152. 1929 अखेर 7,775. शेवटचा, म्हणजे सगळ्यात चांगला आकडा घेऊन हिशेब करून बघा. परवान्यामागे 8 रुपये धरले तर वर्षाचे 62,200 रुपये, महिन्याचे जेमतेम 5,200. ते दोन केंद्रांत वाटले की मुंबईच्या वाट्याला महिना 2,600 रुपये. एवढ्यात रोज संध्याकाळी गाणं, वाद्यवृंद, बातम्या, मुलांचा कार्यक्रम आणि बाजारभाव द्यायचे. आयात-पट्टीची भर पडायची, पण संचच कमी येत असल्यावर ती तरी किती पडणार? शिवाय त्या पट्टीने संच महाग होत होता, आणि महाग संच कमी खपत होता. कंपनीचा एक हात दुसऱ्या हाताला अडवत होता.

जाहिरातींचं काय, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. पण सगळ्या देशात मिळून पावणेआठ हजार संच. त्यांतले मुंबईत ऐकू येणारे त्याहून कमी. एवढ्यांसाठी गांठीचे पैसे मोजायला कोणता व्यापारी तयार होणार?

तीस मैलांचं वर्तुळ

माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा पैशाच्या हिशेबात नाही, प्रक्षेपकाच्या दीड किलोवॉट ताकदीच्या आकड्यात आहे.

उद्घाटनाच्या भाषणात आयर्विन यांनी भारतातल्या अंतरांचा उल्लेख केला होता. दूरच्या खेड्यांत दिवसाचं काम संपल्यावर ज्यांचा वेळ जाता जात नाही अशी माणसं, आडगावी नेमणूक झालेले अधिकारी, या सगळ्यांना नभोवाणी सोबत करील असा त्याचा आशय होता. विचार चांगलाच होता. पण ज्या यंत्राचं उद्घाटन ते करत होते त्याची ताकद दीड किलोवॉट होती आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आसपास.

मुंबईच्या नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून बघावं. उत्तरेला वसईच्या थोडं पुढे, पूर्वेला ठाणं आणि फार तर कल्याण, आग्नेयेला पनवेल, दक्षिणेला अलिबाग. संपलं. पुणं बाहेर, नाशिक बाहेर, सुरत तर फारच लांब. आणि वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग अरबी समुद्रात. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. खाऱ्या पाण्यावरून त्या लांबवर जातात, कोरड्या खडकाळ जमिनीवर लवकर थकतात. म्हणजे मुंबईचा आवाज सगळ्यात चांगला जिथे पोचत होता तिथे घरंच नव्हती, आणि सह्याद्रीकडे जाताना तो विरत होता. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून या लहरी शेकडो मैल जातात, त्यामुळे लांबच्या गावी कुणाला तरी मुंबई लागल्याचं ऐकू यायचं. पण तो आवाज मध्येच चढायचा, मध्येच बुडायचा. त्याच्या भरवशावर कुणी दरसाल दहा रुपये भरत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या वळवाच्या दिवसांत आणि गडगडाटात मध्यम लहरींवर जी खरखर होते ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याबद्दल जास्त सांगायला नको.

जास्त ताकदीची यंत्रं तेव्हा नव्हतीच, असंही नाही. इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री इथे 1925 पासून 25 किलोवॉटचं दीर्घलहरी केंद्र चालू होतं. तंत्र होतं, पैसा नव्हता. सहा लाखांत दोन शहरं धरायची म्हटल्यावर दोन्हीकडे लहानच यंत्रं आली. एकाच शहरात मोठा प्रक्षेपक उभारला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारून हाती फार लागत नाही, पण इथे तो विचारलाच पाहिजे असं मला वाटतं. कंपनीचं उत्पन्न श्रोत्यांच्या संख्येवर बांधलेलं होतं आणि श्रोत्यांची संख्या पल्ल्यावर. पल्ल्यात काटकसर करणं म्हणजे उत्पन्नाचं मूळच तोडणं होतं.

कमी ताकदीचा दुसरा फटका संचाच्या किमतीला बसला. प्रक्षेपक जवळ आणि जोरदार असेल तर साधा क्रिस्टल संच चालतो. त्याला बॅटरी नको, वीज नको; छतावर लांब तार टांगायची, दुसरी तार जमिनीत गाडायची आणि हेडफोन कानाला लावायचे. फोर्टात किंवा गिरगावात हे जमत होतं. पण केंद्रापासून लांब गेलं की व्हॉल्व्हचा संच लागायचा, आणि त्याच्या बॅटऱ्या परत परत चार्ज करून आणाव्या लागायच्या. म्हणजे ज्यांना आवाज क्षीण पोचत होता त्यांनीच जास्त पैसे मोजायचे.

ऐकणारे कोण होते

1931 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सुमारे साडेअकरा लाख होती. गिरण्यांतल्या कामगाराचा पगार महिना तीस-चाळीस रुपयांच्या घरात. त्याला परवान्याचेच दहा रुपये म्हणजे आठवड्याहून जास्त दिवसांची मजुरी. संच तर विचारातही येणं शक्य नव्हतं. त्यातच एप्रिल 1928 पासून गिरण्यांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला आणि शहराचा सगळा बाजार आखडला. लालबाग-परळच्या चाळींनी त्या काळात रेडिओ घेतला नाही याचं कारण अनास्था नव्हतं. भजन, तमाशा, संगीत नाटक यांसाठी हीच माणसं रात्र रात्र जागत होती.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांतही एकमत नव्हतं. युरोपियन श्रोत्यांची संख्या थोडी, पण संच घेण्याची ऐपत त्यांची. त्यांना पाश्चात्त्य संगीत हवं. मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान कुटुंबांची आवड वेगवेगळी, भाषा वेगवेगळ्या. चॅनेल मात्र एकच. त्यामुळे संध्याकाळचे तुकडे पडले: थोडं हिंदुस्थानी गाणं, थोडा युरोपियन कार्यक्रम. प्रत्येकाला आपला वाटा अपुरा वाटणार हे उघड होतं. ही कंपनीच्या कार्यक्रम-विभागाची चूक मानायला मी तयार नाही. एका चॅनेलवर मुंबई मावणं तेव्हाही अवघड होतं आणि पुढे केंद्राला वेगवेगळ्या वाहिन्या मिळेपर्यंत ते अवघडच राहिलं.

परवाना न काढता ऐकणारेही होते. सुटे भाग आणून घरीच संच जोडता येत होता आणि छतावरच्या तारेवरून कुणाच्या घरात काय आहे हे सिद्ध करणं कठीण होतं. कायद्यातही पळवाट होती. 1885 च्या तार कायद्याखाली संच चालवल्याचं दाखवावं लागे, नुसता घरात असणं पुरत नसे. ते भोक बुजवायला 1933 चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट यावा लागला; तोवर कंपनी केव्हाच संपली होती. या फुकट्या श्रोत्यांवर खापर फोडण्याची पद्धत आहे. ते परवाना काढणाऱ्यांच्या दुप्पट होते असं धरा आणि त्या सगळ्यांनी पैसे भरले असं समजा. तरी मुंबई केंद्राच्या हाती महिना आठ हजारांच्या आतच रक्कम येते. त्याने मरण लांबलं असतं, टळलं नसतं.

बुडाल्यानंतर

कंपनीने खर्चाला कात्री लावली, सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही आणि मार्च 1930 मध्ये ती बंद झाली. मग ज्यांचं नुकसान होत होतं ते बोलू लागले. दुकानदारांकडे विकत न गेलेले संच पडून होते. ज्यांनी संच घेतले होते त्यांच्या घरात नुसती पेटी उरली होती. या दबावापुढे सरकारने दोन्ही केंद्रं ताब्यात घेतली आणि 1 एप्रिल 1930 पासून इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या नावाने, दोन वर्षांच्या प्रयोगादाखल, ती चालवायला घेतली. खातं होतं उद्योग आणि मजूर.

त्याच तारखेला, 1 एप्रिल 1930 रोजी, मद्रासमध्ये वेगळंच काही घडलं. तिथला रेडिओ क्लब 1927 मध्ये पैशाअभावी थांबला होता आणि त्याने आपला प्रक्षेपक शहराच्या महापालिकेला देऊन टाकला होता. महापालिकेने आता त्यावरून नियमित कार्यक्रम सुरू केले आणि ते सार्वजनिक जागी, शाळांत कर्ण्यांवरून ऐकवण्याची सोय केली. संच नसलेला माणूसही श्रोता होऊ शकतो, हे त्यांना कळलं होतं. ही सेवा 1938 मध्ये ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र येईपर्यंत चालली. मुंबईची महापालिका देशातल्या श्रीमंत महापालिकांपैकी. शिवाजी पार्कात, चौपाटीवर, भायखळ्याच्या बागेत संध्याकाळी कर्णे लागले असते तर गिरणगावालाही रेडिओ कळला असता. हे झालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईचे भोग मात्र संपले नव्हते. जगभर मंदी आली, सरकारने सगळीकडे काटकसर सुरू केली आणि ऑक्टोबर 1931 मध्ये नभोवाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पुन्हा ओरड झाली, बंगालमध्ये विशेष. नोव्हेंबरात निर्णय फिरवण्यात आला. 5 मे 1932 रोजी ही सेवा कायम चालवायचं ठरलं. पैशाची तजवीज म्हणून रेडिओ संचांवरची जकात 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेली.

वरकरणी हा निर्णय उफराटा दिसतो, कारण महाग संचांनीच कंपनीला मारलं होतं. पण डिसेंबर 1932 मध्ये बीबीसीने एम्पायर सर्व्हिस ही लघुलहरींवरची सेवा सुरू केली आणि भारतातले इंग्रज मायदेशाचा आवाज ऐकायला वाटेल ती किंमत देऊन संच घेऊ लागले. 1932 अखेर देशात 8,557 परवाने होते. 1933 अखेर 10,872 झाले, 1934 अखेर 16,179. प्रत्येक संचामागे निम्मी किंमत जकात म्हणून सरकारात जमा होत होती आणि नभोवाणीचं खातं पहिल्यांदा डोकं वर काढत होतं. लंडन ऐकायला आणलेल्या संचांनी मुंबईचं केंद्र जगवलं. मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत, पल्ल्यात, भाषांत यातल्या कशातही काही बदललेलं नव्हतं. म्हणूनच 1927 ते 1930 मध्ये केंद्र चालवणाऱ्यांना नालायक ठरवणं अन्यायाचं आहे.

पुढचा भाग ओळखीचा आहे. 1934 मध्ये बॉबी तल्यारखान यांनी मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्याचं धावतं वर्णन केलं आणि मैदान थेट घरात आलं. 1935 मध्ये सरकारने नभोवाणीच्या वाढीसाठी 20 लाख रुपये बाजूला काढले, म्हणजे कंपनीला जमलेल्या भांडवलाच्या तिपटीहून जास्त. त्याच वर्षी ऑगस्टअखेर बीबीसीचे लायोनेल फील्डन नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले. 8 जून 1936 पासून सेवेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. तीस मैलांच्या वर्तुळावर उत्तर निघालं ते फेब्रुवारी 1938 मध्ये, मुंबईला 10 किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक मिळाला तेव्हा. लघुलहरींना सह्याद्रीची अडचण नसते. त्या वरून येतात.

खाजगी कंपनी बुडाली तिची किंमत आणखी एका प्रकारे चुकवावी लागली. नभोवाणी सरकारची झाली, ती सरकारचीच राहिली. ऑगस्ट 1942 मध्ये चलेजावच्या बातम्या मुंबईच्या अधिकृत केंद्रावरून ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवावा लागला, जागा बदलत, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत.

जाहिरातींचं दार उघडायला चाळीस वर्षं लागली. विविध भारतीची व्यापारी सेवा 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून सुरू झाली. तोवर ट्रान्झिस्टर आला होता, संच खिशात आणि सायकलच्या दांडीला लटकत होता आणि श्रोते लाखांनी मोजले जात होते. पोस्टात जाऊन भरायचा रेडिओ परवाना मात्र त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. तो रद्द झाला 1980 च्या दशकात.